३०६० काढून ४०६० घातलं, तरी गेम अडकतो: कार्ड परत करण्याआधी हे तपासा

"दादा, तीन वर्षं ३०६० वापरलं, कधी तक्रार नव्हती. परवा ४०६० घातलं आणि गेम पहिल्यापेक्षा जास्त अडकायला लागलाय. कार्डच खराब लागलंय काय?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर हा प्रश्न सारखा येतो. ३०६० आणि ४०६० ही एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं. कार्डांची नावं बदलतात. कुणी १६६० सुपर काढून ३०५० घातलेलं असतं, कुणी आरएक्स ५८० काढून ६५०० एक्सटी. दुखणं मात्र तेच: कागदावर जे कार्ड सरस, ते आपल्या मशीनमध्ये सरस ठरत नाही. अशा मशीनमध्ये खरोखर खराब कार्ड मला क्वचितच सापडलंय. बहुतेक वेळा कार्ड धडधाकट असतं आणि त्याला अडवणारी वस्तू दुसरीच असते. ती शोधायचा माझा क्रम खाली देतोय. आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, शेवटी जोखमीचं. वरच्या पोराच्या मशीनमध्ये काय निघालं, तेही ओघात येईल.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं नेमकं कुठलं ते आधी ठरवा.

– गेम सुरुवातीपासूनच हळू चालतो आणि सेटिंग कमी केली तरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत.
– फ्रेमचा आकडा चांगला दिसतो, पण मध्येच झटका बसतो. विशेषतः नव्या जागेत शिरताना किंवा पटकन मागे वळताना.
– पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास, मग उतरती कळा.
– आकडा बरोबर ६० वर येऊन थांबतो, पुढे सरकतच नाही.
– भर गेममध्ये स्क्रीन काळी होते किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट होतं.
– गेम ठीक चालतो, पण व्हिडिओच्या कामाला पूर्वीइतकाच वेळ लागतो.
– स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकड्या किंवा रेघा दिसतात.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

बाकीच्यांनी पहिलं काम मोजण्याचं करायचं. आफ्टरबर्नरसारखं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना पाच आकडे स्क्रीनवर आणा: फ्रेम, जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर टक्क्यांत, जीपीयूचं तापमान, कार्डाची वापरात असलेली मेमरी आणि प्रोसेसरचा वापर. गेममधली एकच जागा ठरवा, तिथे दहा मिनिटं खेळा आणि आकडे वहीत लिहा. पुढे प्रत्येक बदलानंतर याच जागी मोजायचं. "आता जरा बरं वाटतंय" यावर मी कुणाचं मशीन परत देत नाही आणि तुम्हीही त्यावर समाधान मानू नका.

या पाचांत सगळ्यात बोलका आकडा जीपीयूच्या वापराचा. तो ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड जीव तोडून काम करतंय आणि दिसणारा वेग ही त्याची त्या सेटिंगवरची खरी ताकद आहे. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कार्ड हात बांधून बसलंय. कुणी बांधलेत ते शोधायचं.

दोन कार्डांचे आकडे कसे वाचायचे

हीही तपासणीच आहे, आणि एक पैसा लागत नाही. कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या अपेक्षेतून येतात.

३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४०६० आलं जून २०२३ मध्ये. ३०६० मध्ये ३५८४ कोर (गणितं करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरी आणि चिप यांच्यातली वाट). ४०६० मध्ये ३०७२ कोर, ८ जीबी मेमरी, १२८ बिटची बस. हे वाचून कुणीही म्हणेल की नवं कार्ड उतरतं आहे. मेमरीच्या वेगाचा हिशेब तर घरी करता येतो. बसचे बिट गुणिले मेमरीचा गिगाबिट वेग, भागिले ८. ३०६० चं १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६० चं १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे २७२ जीबी. इथेही नवं कार्ड मागे.

आणि तरीही १०८० पिक्सेलवर, नीट बसवलेलं ४०६० हे ३०६० पेक्षा साधारण १५ ते २० टक्के पुढे जातं. का? एक तर घड्याळ, म्हणजे चिपचा पळण्याचा वेग. ३०६० चं बूस्ट १७७७ मेगाहर्ट्झ, ४०६० चं २४६०. कोर कमी असले तरी प्रत्येक कोर जास्त वेगानं पळतो, त्यामुळे गणिताची एकूण ताकद १२.७ टेराफ्लॉपवरून (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं) १५.१ वर जाते. दुसरं कारण चिपच्या पोटातली एल-२ कॅश. ३०६० मध्ये ती ३ एमबी होती, ४०६० मध्ये २४ एमबी झाली.

पंगतीतला वाढपी डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्या रश्श्याची मोठी कढई आत चुलीवर आहे आणि वाढप्याच्या हातात पातेलं. पातेलं लहान असेल तर त्याला दर चार पानांनंतर आत पळावं लागतं, मग स्वयंपाकघराचं दार रुंद असलेलं बरं. पातेलं मोठं असेल तर खेपाच कमी होतात आणि अरुंद दारानंही भागतं. कॅश म्हणजे हातातलं पातेलं, बस म्हणजे ते दार. म्हणून दोन वेगळ्या पिढ्यांच्या कार्डांची बस बसशी आणि कोर कोरशी ताडून निकाल देता येत नाही. एकाच पिढीतल्या दोन कार्डांत मात्र हे आकडे बऱ्यापैकी खरं बोलतात.

पण पंगत अचानक वाढली आणि कढईच लहान पडली तर? मग हातातल्या पातेल्याचा उपयोग नाही. ८ जीबी आणि १२ जीबीचा प्रश्न हा आहे. त्याकडे पुढे येतो.

अजून एक गोष्ट. ४०६० चा वेग दाखवणारे काही तक्ते फ्रेम जनरेशन चालू ठेवून काढलेले असतात. ती सोय ४० मालिकेपासून आली, ३०६० ला ती एनव्हिडियाकडून मिळत नाही. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड एक बनवलेली फ्रेम घुसवतं. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच हिशेबानं राहतो. दुप्पट आकडा बघून कार्ड घेतलं असेल आणि घरी सोय बंद असेल, तर जो फरक दिसतोय तो बिघाड नाही.

मिनिटभरात होणाऱ्या तपासण्या

मॉनिटरची वायर कुठे लावलीय ते मशीनच्या मागे वाकून बघा. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली वायर मी इतक्यांदा काढून कार्डाला लावलीय की आता मशीन टेबलावर ठेवण्याआधी मागची बाजूच बघतो. वायर मदरबोर्डला असेल तर चित्र प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधून बाहेर पडतं आणि नवं कार्ड एक तर नुसतं बसून राहतं, नाहीतर त्याची मेहनत वाटेत सांडते.

आकडा ६० वर अडकत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर नवं कार्ड घातल्यावर ६० वर आलेला असू शकतो. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादाही बघून घ्या. पॉवर प्लॅन 'पॉवर सेव्हर'वर नाही ना, तेही.

मग ड्रायव्हर. जुनं कार्ड काढून नवं घातलं की जुन्याचे अवशेष मागे राहतात. एनव्हिडियावरून एनव्हिडियावर गेलात तर बहुतेक वेळा चालून जातं. एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेलात तर साफसफाई कराच. डीडीयू नावाचं फुकट सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये चालवून जुनं सगळं काढायचं आणि नवा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्यायचा. हे करताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मधल्या वेळात स्वतःचाच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

नावाप्रमाणे कार्ड आहे का?

जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर उघडा. कोर किती, मेमरी किती, बस किती बिटची, हे तीन आकडे खोक्यावरच्या माहितीशी ताडा. एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली जातात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ३०६० चंच बघा: १२ जीबीवाल्याची बस १९२ बिटची, पण ८ जीबीवालंही ३०६० आहे आणि त्याची बस १२८ बिटची, वेग ३६० ऐवजी २४० जीबी. ३०५० मध्ये ८ जीबीवाल्याला २५६० कोर, ६ जीबीवाल्याला २३०४ कोर आणि ९६ बिटची बस. जीटी १०३० च्या डीडीआर-४ आणि जीडीडीआर-५ मेमरीवाल्या कार्डांत तर मेमरीच्या वेगाचा फरक जवळजवळ तिप्पट आहे. जुन्या बाजारातून घेतलेलं आरएक्स ५८० असेल तर स्ट्रीम प्रोसेसर २३०४ आहेत की २०४८, ते मोजा. दुसऱ्या आकड्याचं कार्ड थोडं खालचं आहे.

स्वस्तात मिळालेलं कार्ड मुळात जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असेल, तर जीपीयू-झेड बहुतेक वेळा ते ओळखतं आणि नावापुढे 'फेक' असं दाखवतं. तसं दिसलं तर तपासणी तिथेच थांबवा आणि पैसे परत मागा.

लॅपटॉपवाल्यांसाठी एवढंच: लॅपटॉपमधलं ४०६० किती वॅटवर चालवायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि ती मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपचा वेग जुळला नाही म्हणून दुरुस्ती शोधत बसू नका. चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर मोजा. जो आकडा येईल तो त्या लॅपटॉपचा.

स्लॉट आणि लेन

आता कॅबिनेट उघडायचं. मशीन बंद, मागचं बटण बंद, वायर भिंतीतून बाहेर, आणि हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून मगच आत.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका भावाचं मशीन आलं होतं. बी५५० बोर्ड, नवं ४०६०. तक्रार वरचीच. जीपीयू-झेडमधल्या बस इंटरफेसच्या ओळीत कार्डाची क्षमता 'एक्स ८, ४.०' (आठ लेन, म्हणजे माल नेणाऱ्या आठ वाटा, आणि पीसीआयई या जोडणीची चौथी पिढी) अशी होती आणि प्रत्यक्ष जोडणी 'एक्स ४, ३.०' अशी. कॅबिनेट उघडलं तर वरच्या स्लॉटमध्ये कॅप्चर कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये. दोन्ही स्लॉट दिसायला सारखे, लांबीही सारखी. पण वरचा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि खालचा अशा बोर्डवर चिपसेटमार्गे, म्हणजे बोर्डवरच्या दुसऱ्या चिपमधून, चारच लेनवर. कार्डांची अदलाबदल केली, स्क्रू आवळले, आणि मशीन अर्ध्या तासात परत गेलं.

ही ओळ वाचताना एक पथ्य पाळा. कार्ड निवांत असताना वीज वाचवण्यासाठी जोडणी १.१ वर उतरते. तिथेच शेजारी प्रश्नचिन्हाचं बटण आहे, ते दाबून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग वाचा. निवांत असतानाचा १.१ बघून घाबरलेली मंडळी माझ्याकडे आलेली आहेत.

आता या जोडीतला महत्त्वाचा फरक. ३०६० ला १६ लेन आहेत, ४०६० ला ८ च. बोर्ड पीसीआयई ४.० चा असेल तर आठ लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, आणि ते पुरतं. बोर्ड ३.० चा असेल तर त्याच आठ लेनमधून ८ जीबीच. त्याच जुन्या बोर्डवर ३०६० ला १६ लेन मिळत असल्यामुळे १६ जीबीची वाट मोकळी असते. नेहमीच्या खेळात यानं फार बिघडत नाही, दोन-चार टक्के. खरी मारामार होते ती कार्डाची मेमरी भरल्यावर. ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि ४ जीबी मेमरी, त्यामुळे ३.० च्या बोर्डवर त्याला मी हात जोडून नको म्हणतो.

आपलं मशीन ३.० आहे की ४.०? इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंत ३.०, अकराव्यापासून ४.०, अर्थात बोर्डही तसा हवा. रायझनमध्ये ३६०० किंवा ५६०० ला बी५५० बोर्डवर ४.० मिळतं, बी४५० वर ३.०. आणि इथे पुष्कळ जण फसतात: ५६००जी आणि ५५०० हे प्रोसेसर बी५५० वर घातले तरी ३.० च देतात. बोर्डाच्या खोक्यावर ४.० लिहिलेलं असतं, म्हणून कुणी प्रोसेसरकडे बघतच नाही.

कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय का तेही बघा. जड कार्ड एका बाजूला झुकून सोनेरी पट्टीचा काही भाग वर येतो आणि आठाच्या चार लेन होतात. काढा, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या, 'टक' आवाज येईपर्यंत बसवा.

कार्डाची मेमरी भरतेय का?

सुरुवातीच्या पोराचं मशीन इथे सापडलं.

वायर बरोबर, स्लॉट बरोबर, ड्रायव्हर नवा. सरासरी फ्रेम ३०६० पेक्षा थोड्या जास्तच, पण गावाच्या वस्तीत शिरलं की झटका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू निवडलं की खाली दोन आकडे दिसतात, डेडिकेटेड मेमरी आणि शेअर्ड मेमरी. डेडिकेटेड आठाला टेकली होती आणि प्रत्येक झटक्याबरोबर शेअर्डचा आलेख वर उसळत होता. म्हणजे कार्डात न मावलेला माल मशीनच्या रॅममध्ये ठेवला जात होता आणि लागेल तसा लेनमधून आत ओढला जात होता. आणि बोर्ड बी४५०, म्हणजे वाट ८ जीबीची.

पण ही मेमरी भरली कशानं? त्यानं कार्ड बदललं, गेम मात्र तोच होता आणि त्याच्या सेटिंगची फाइलही तीच. ३०६० च्या १२ जीबीच्या जोरावर त्यानं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं, बाकी काहीही न बदलता. डेडिकेटेड साताच्या आसपास थांबली आणि झटके गेले. तो पुन्हा पुन्हा त्याच गल्लीत घोडं पळवून बघत होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. १२ जीबीचं ३०६० चांगलं चालत असेल आणि बोर्ड ३.० चा असेल, तर ४०६० वर पैसे घालू नका. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये मोठे सीन करणाऱ्यांनी, घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी तर नाहीच. त्या कामात मेमरीत माल मावणं पहिलं, वेग नंतर. नव्या ४.० च्या बोर्डवर, १०८० पिक्सेलवर खेळणाऱ्याला, विजेचं बिल बघणाऱ्याला ४०६० बरं: ते ११५ वॅटचं आहे, ३०६० आहे १७० वॅटचं.

प्रोसेसर आणि रॅम

जीपीयूचा वापर कमी आणि फ्रेमही कमी, तर एक साधी परीक्षा घ्या. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाकडे. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. चौथ्या पिढीच्या आय-५ चे चारच कोर असतात. त्याच्यासोबत ३०६० घाला की ४०६०, आजच्या मोठ्या गेममध्ये आकडा जवळपास तोच येणार.

प्रोसेसर बदलायच्या आधी रॅम बघा. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर मशीन एका चॅनलवर चालतंय. त्याच जातीची दुसरी स्टिक घालून ड्युअल चॅनल केलं की कित्येक मशीन सुधारतात, आणि खर्च कार्डाच्या मानानं अगदी थोडा. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना बघा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारा पर्याय, चालू करा. ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रखडत असते. बायोसमध्ये गेलाच आहात तर रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा) हा पर्यायही चालू करून या.

व्हिडिओवाल्यांची तक्रार वेगळी असते आणि कोल्हापुरात ही मंडळी खूप आहेत. नव्या मिररलेस कॅमेऱ्यातलं ४:२:२, १० बिटचं (रंगांची जास्त माहिती साठवणारं) शूटिंग टाइमलाइनवर अडकतं, मग कार्ड बदलतात, तरी अडकतं. कारण हा प्रकार ३०६० आणि ४०६० दोन्हींच्या डीकोडरला उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तुमच्याकडे इंटेलची अकरावी किंवा त्यानंतरची पिढी असेल आणि नावाच्या शेवटी 'एफ' नसेल, तर प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स एचईव्हीसी या व्हिडिओ-प्रकाराचं ४:२:२ उलगडू शकतं. कार्ड घातल्यावर ते बायोसमध्ये बंद झालेलं असतं, चालू करा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डीकोडिंगला निवडा. नाहीतर प्रॉक्सी, म्हणजे शूटिंगच्या हलक्या नकला, बनवून काम करा.

उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या डिझायनरांनाही सांगतो. थ्री-डी पार्ट रीबिल्ड व्हायला लागणारा वेळ बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोरवर ठरतो. त्यासाठी गेमिंग कार्ड बदलू नका.

तापमान आणि धूळ

दहा-पंधरा मिनिटांनी वेग उतरतो, तेव्हा तापमान आणि घड्याळ दोन्ही शेजारी शेजारी बघा. कार्ड ८० च्या पुढे जाऊ लागलं की ते स्वतःचं घड्याळ हळूहळू खाली आणतं. एनव्हिडियानं दिलेली कमाल मर्यादा ३०६० ला ९३ अंश आणि ४०६० ला ९० अंश आहे, पण तिथे पोचेपर्यंत वाट बघायची नसते.

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून त्याच जागी पुन्हा दहा मिनिटं खेळा. तापमान लक्षणीय उतरलं तर कार्ड ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा फिरत नाही. पुढून हवा आत ओढणारा आणि मागून बाहेर टाकणारा, असे दोन पंखे बसवा. मशीन भिंतीला आणि पडद्याला चिकटवून ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत मशीन असेल तर हिवाळ्यातल्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही.

धूळ ब्रशनं आणि ब्लोअरनं काढा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून. ब्लोअरच्या झोतात पंखा बेफाम फिरला की बेअरिंग जातं. आणि वर्कशॉपमधल्या मशीनची धूळ घरच्या धुळीसारखी समजू नका. लेथशेजारच्या केबिनमधलं एक मशीन उघडलं तेव्हा कार्डाच्या पंख्याखाली काळी, जड पूड साचलेली होती. चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तर ती त्याला मिशीसारखी चिकटली. लोखंडाची बारीक पूड होती ती. अशी पूड ब्लोअरनं उडवली तर पिनांच्या मधे जाऊन बसते आणि शॉर्ट होतं. असं मशीन चालू न करता दुरुस्तीवाल्याकडे न्या.

थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षं वापरलेल्या कार्डाची बदलावी लागू शकते. नव्या कार्डाची उघडू नका. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की वॉरंटीवरून वाद सुरू होतो.

वीजपुरवठा

काळी स्क्रीन, अचानक रीस्टार्ट, तेही फक्त गेम किंवा रेंडर चालू असताना: संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. दोन्ही कार्डांना ५५० वॅटचा एसएमपीएस सांगितलेला आहे. ज्या कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट आला, त्यावरच्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टच्या लाइनला किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ नं गुणा. तो खरा कामाचा आकडा.

स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळू शकतात, आठ पिनच्या वायरीतून १५० वॅट. एसएमपीएसला आठ पिनची वायरच नसेल तर त्याचा अर्थ तो या कार्डासाठी बनलेला नाही. साटा वायरीला कन्व्हर्टर लावून आठ पिन करणं तर कधीही करू नका. साटाच्या जोडणीची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅटच्या आसपास असते. तपकिरी पडलेले, वितळून एकमेकांत रुतलेले असे कन्व्हर्टर मी कापून काढलेले आहेत.

यूपीएसही बघा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुतेक ३६० वॅट लिहिलेलं असतं. भर गेममध्ये लाइट गेली की तो ओव्हरलोड होऊन बसतो आणि दोष कार्डावर येतो. एकदा यूपीएस काढून थेट भिंतीवर लावून बघा.

सगळं करून संशय राहिलाच, तर मित्राच्या चांगल्या मशीनमध्ये तुमचं कार्ड अर्धा तास चालवा. तिथे नीट चाललं तर कार्डाला दोष देणं सोडा. तिथेही अडकलं तर वॉरंटीचा रस्ता धरा.

इथे थांबा

जळका वास आला, कनेक्टर काळा पडला किंवा वितळला, तर मशीन पुन्हा चालू करून बघू नका. एकदाही नाही. एसएमपीएसचं झाकण घरी उघडायचं नाही, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर तो संगणकवाल्याचा विषय नाही. अर्थिंग तपासायला परवानाधारक वायरमन बोलवा, आणि ते होईपर्यंत मशीन बंद ठेवा. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीच्या पॉइंटवर हे जास्त होतं.

ठिपके, चौकड्या, रेघा बायोसच्या पहिल्या स्क्रीनवरही दिसत असतील तर विंडोज किंवा ड्रायव्हरचा संबंध नाही. आधी दुसरी वायर आणि दुसरा मॉनिटर लावून बघा. तरी दिसल्या तर चिप किंवा मेमरी गेलीय. वॉरंटी असेल तर कार्ड तसंच, न उघडता द्या. वॉरंटी संपली असेल तर चिपलेव्हलचं काम करणाऱ्याकडे जा आणि आधी विचारा, की मेमरी बदलणार की नुसती हीटगननं चिप तापवणार. तापवलेलं कार्ड काही आठवड्यांत पुन्हा बसलेलं मी अनेकदा बघितलंय, त्याला पैसे देऊ नका. ओव्हनमध्ये कार्ड भाजायचे व्हिडिओ बघून तर घरात काहीच करू नका.

बायोस अपडेट करायची वेळ आली आणि तुमच्याकडे लाइटचा भरवसा नसेल, तर तेही यूपीएस असलेल्या दुकानात करून घ्या.

दुकानात येताना वही घेऊन या: पाच आकडे, कुठल्या गेममध्ये, कुठल्या सेटिंगवर, काय बदलल्यावर काय झालं. सोबत जीपीयू-झेडच्या पानाचा फोटो, कार्डाचं बिल आणि मूळ खोकं. आणि कार्ड काढून सुटं आणू नका, सगळं मशीन आणा.